तीन तारा, एक जांभई

रविवारी दुपारी नानांनी गोष्टीतला सगळ्यांत अवघड भाग वाचून दाखवला. भर समुद्रात वादळ उठतं, शिडं फाटतात आणि कप्तान स्वतःला सुकाणूच्या चाकाला दोरीने बांधून घेतो. वादळासाठी नानांनी आवाज चढवला, लाटांसाठी खालीवर केला, कप्तानासाठी तर असा काही घोगरा काढला की घशाला काही होतंय का, असं बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. प्रकरण संपलं. नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि लॅपटॉपच्या पडद्यावरच्या नातीला विचारलं, "कसं वाटलं?"

"आजोबा," नात म्हणाली, "तुम्ही मघापासून जांभईच देताय."

झालं होतं असं की, वादळाच्या सुरुवातीला 'आकाश' म्हणायला नानांनी तोंड उघडलं आणि तिकडे, दूरच्या शहरात, लेकीच्या घरी त्यांचं चित्र त्या 'आ'वरच थिजलं. आवाजही गेला. शिडं फाटली, कप्तानाने गाठी मारल्या, पण नानांचं तोंड काही मिटलं नाही. इकडे त्यांना याचा पत्ता नव्हता, कारण नात त्यांना अगदी नितळ दिसत होती. ती हसतेय ती गोष्टीला, असा त्यांचा समज.

मग जावई पडद्यावर आले. ते भले गृहस्थ, त्यामुळे जे बोलायचं ते फार हळुवारपणे बोलले. हल्ली गोष्टी वाचून दाखवणारं एक ॲप निघालं आहे, एक नामांकित नट वाचतो, पोरीला दोन दिवस ऐकवून पाहिलं, तर तिला आवडलं. बाबांना उगीच त्रास कशाला?

"त्यातला माणूस अडकत नाही," नात म्हणाली. तिने ते दुखवायला म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

लेक मागून म्हणाली, "बाबा, मनाला लावून घेऊ नका हं. पुढच्या रविवारी बघू कसं काय ते."

'कसं काय ते' या शब्दांवर नाना रात्रभर कूस बदलत राहिले.

नाना आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत होते. तिथे एका लाकडी खोपट्यात दोघं पाठीला पाठ लावून बसायचे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर चुका टिपायच्या. नाना वाचणारे. ते विरामचिन्हांसकट वाचायचे, कारण नाहीतर टिपणाऱ्याला कळणार कसं? समोर फळ्यांची भिंत, मागे सहकाऱ्याची पाठ, आणि मध्ये नानांचा आवाज. तोंडावर चार वाक्यं धड न बोलता येणारा हा माणूस त्या खोपट्यात राजासारखा बोलायचा. निवृत्तीनंतर खोपटं गेलं, सवय राहिली. नातीला गोष्ट वाचतानाही "कप्तान म्हणाला, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू" असंच चालायचं. तिला त्याची एवढी मजा वाटायची की प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा 'पूर्णविराम' ती त्यांच्याबरोबर ओरडायची. आठवड्यातून एवढाच एक शब्द ते दोघं मिळून बोलत. तो एका नटाला देऊन टाकायचा?

सोमवारी सकाळी नाना तडक वाचनालयात गेले. माणसाने डोकं दुखलं की औषध घ्यावं. नानांना काही दुखलं की ते त्यावरचं पुस्तक घेत. तिथे त्यांना कळलं की नेट घरात यायच्या तारा तीन प्रकारच्या. पहिली टेलिफोनची तांब्याची. ती त्यांच्याकडे होतीच. टेलिफोन कचेरीपासून घर जितकं लांब, तितका हिचा जीव क्षीण. शिवाय घरात येणारा रस्ता रुंद आणि घरातून बाहेर जाणारी नुसती पायवाट. त्यामुळे नात इकडे थाटात यायची आणि आजोबा तिकडे वाटेत अडकायचे. दुसरी टीव्हीच्या केबलची जाड तार. हिच्यात दम भरपूर, पण तो सगळ्या इमारतीने वाटून घ्यायचा. तिसरी काचेची, केसासारखी बारीक, जिच्यातून उजेड पळतो. काचेतून उजेड जातो हे नानांना मान्य होतं. काचेतून कप्तान कसा जाईल, हे पटायला त्यांना तो परिच्छेद तीनदा वाचावा लागला.

एवढं वाचून झाल्यावर दुसऱ्या कुणी निर्णय घेतला असता. नानांनी शेजाऱ्यांना विचारलं.

वरच्या मजल्यावर कर्नल राहत. ते फौजेत कधीच नव्हते, पाणीपुरवठ्याच्या गोदामात होते, पण मिशा आणि चाल यांच्यामुळे हा हुद्दा त्यांना इमारतीने बहाल केला होता. त्यांचं मत केबल. केबलवर सामने इतके स्वच्छ दिसतात की चेंडूची शिवण मोजता येते, असं ते म्हणाले. आपल्याला कुणाची शिवण मोजायची नाही, हे नानांच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावर. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, तेव्हा त्यांचं मत तांब्याबाहेर जाणं शक्यच नव्हतं. वीज गेली तरी तांब्यावरचा फोन चालतो, काचेच्या तारेला जोडायच्या डबीला मात्र वीज लागते, हे त्यांनी बोट नाचवत सांगितलं. नानांनी दोघांकडेही मान डोलावली. नानांचं मान डोलावणं फसवं असे. त्यांच्या मते त्याचा अर्थ 'ऐकलं' एवढाच. बाकी जगाच्या मते त्याचा अर्थ 'ठरलं'.

तरी मंगळवारी हिंमत करून ते टेलिफोन कचेरीत जुनी तार बंद करायला गेले. खिडकीमागच्या बाईंनी नंबर पाहिला, मग नानांकडे पाहिलं.

"इतक्या वर्षांची लाईन आहे, काका. बंद का करताय? आमचं काही चुकलं का?"

असं कुणी विचारलं की नाना संपलेच. चूक तुमची नाही, तारेचीही नाही, आमच्याच घराचं अंतर जास्त आहे, असं काहीतरी ते पुटपुटले. बाईंना भरून आलं असावं, किंवा त्यांची जेवणाची वेळ झाली असावी. पाऊण तासाने नाना बाहेर पडले तेव्हा जुनी तार बंद झाली नव्हती, उलट तिच्यावर आणखी वेगाची नवी योजना चढली होती.

बुधवारी केबलवाला आला. कर्नलांनी परस्पर धाडला होता. शिडी, तारेचं भेंडोळं आणि तोंडात दोन खिळे घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला 'नको' कसं म्हणायचं, हे नानांना कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. अर्ध्या तासात काळी जाड तार गच्चीवरून उतरून खिडकीतून आत आली. त्या दिवसापासून ती खिडकी नीट लागेना.

गुरुवारी नानांच्या चपलेचा अंगठा तुटला. ते वाकले ते नेमके काचेची तार विकणाऱ्या कंपनीच्या छत्रीखाली. तिथे एक मुलगी टेबल मांडून उन्हात बसली होती. तिने नानांना खुर्ची दिली, पाणी दिलं, अंगठ्याला लावायला पिनही दिली. इतकं झाल्यावर नुसतं उठून जायचं म्हणजे कृतघ्नपणाच.

"तिसरी?" बायकोने विचारलं.

"चप्पल तुटली होती," नाना म्हणाले.

बायकोने या स्पष्टीकरणावर थोडा वेळ विचार केला आणि नाद सोडला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काही वाक्यांच्या मागे जायचं नसतं, हे तिला माहीत होतं.

काचेच्या तारेसाठी मात्र भिंतीला भोक लागणार होतं आणि भोकासाठी कमिटीची परवानगी. कमिटी म्हणजे सेक्रेटरी, कर्नल आणि एक कधीच न येणारे सभासद. त्याच संध्याकाळी सेक्रेटरींच्या घरी बैठक भरली. पहिला विषय भोक. पण तांबं बरं की केबल यावरून दोघांची अशी जुंपली की भोक बाजूलाच पडलं. कर्नल म्हणाले, माझ्या शब्दावर केबल घेतली आणि दुसऱ्याच दिवशी काच? हा विश्वासघात आहे. सेक्रेटरी म्हणाले, काच मुळात फुटण्यासाठीच जन्माला येते. शेवटी दोघंही दमले आणि अर्जदाराचं काय म्हणणं आहे, असं सेक्रेटरींनी रीतसर विचारलं.

"माझं काही म्हणणं नाही," अर्जदार म्हणाले.

याने कमिटी इतकी गोंधळली की परवानगी मिळून गेली. अट एकच: भोक दर्शनी भिंतीला नको, मागच्या बोळातून पाडावं. आता मागच्या भिंतीला आतून नानांचं पुस्तकांचं कपाट टेकलेलं होतं. कपाट हलवायचं तर पुस्तकं उतरवायला हवीत, पुस्तकं उतरवली की नाना ती चाळत बसतात आणि रविवार काही थांबत नाही. म्हणून नानांनी एक खण रिकामा केला. शुक्रवारी बोळातून यंत्र घरघरलं, भिंत थरथरली, आणि यंत्राचं टोक बाहेर आलं ते शेजारच्या खणातून, शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडाच्या आरपार. नानांनी डोळे मिटून घेतले. यंत्रवाला चांगला माणूस होता. त्याने भोक पुन्हा दुसरीकडे पाडू का, असं विचारलं. नानांना त्याचे कष्ट दिसले.

"राहू दे," ते म्हणाले. "त्यातूनच घे."

अशा रीतीने तार शब्दकोशातून घरात आली.

आता कपाटावर तीन डब्या ओळीने बसून लुकलुकत होत्या. घराला रात्रीच्या विमानतळाची कळा आली. त्यातली एक रविवारसाठी निवडायची, तर परीक्षा घ्यायला हवी. नानांनी बायकोला मोबाईल देऊन आतल्या खोलीत नातीच्या जागी बसवलं आणि स्वतः बाहेर बसून कप्तान वाचू लागले. तांब्याच्या तारेवर वाचून झाल्यावर आत जाऊन विचारलं, कसा दिसलो?

"छान," बायको म्हणाली. "हललात की बिघडता."

केबलवर सकाळी सगळं झकास चाललं. नाना खूश झाले. संध्याकाळी वरून चेंडू, बॅट आणि कर्नलांच्या आरोळ्या ऐकू येऊ लागल्या, बाकीच्या घरांतही पडदे उजळले आणि आतल्या खोलीत नानांचे तुकडे तुकडे झाले. आणि रविवार दुपार म्हणजे तर सगळी इमारत घरी. कर्नलांना तेवढा अर्धा तास सामना बंद ठेवा म्हणून सांगावं, असं ठरवून नाना वर गेले. कर्नलांनी दार उघडलं, "या, बसा" म्हटलं, आणि नाना सामना संपेपर्यंत बसून आले.

राहिली काच. काचेवर बायको म्हणाली की तुमच्या कानावरचे केसही दिसताहेत, ते कापायला हवेत. शिवाय हिच्यात यायचा आणि जायचा रस्ता सारखाच रुंद. ठरलं, काच. नाना निर्धास्त मनाने दाढी करायला गेले. परत येतात तो काचेच्या डबीवरचा दिवा लाल.

बायकोने मधल्या वेळात घर आवरलं होतं. उरलेली तार लोंबत होती ती तिने लोकरीच्या गुंड्यासारखी घट्ट गुंडाळून, वर रबर लावून कपाटामागे खोचली होती आणि डबीवर आपल्या हातचा क्रोशाचा जांभळा रुमाल पांघरला होता. काचेची तार घट्ट वळवू नये, वळवली की उजेड वळणावर सांडतो, हे नानांनी वाचलेलं होतं. पण बायको त्या गुंड्याकडे इतक्या कौतुकाने पाहत होती की त्यांच्याने बोलवेना. त्याऐवजी त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडून ध्वनिमुद्रित बाई अमुक हवं असेल तर अमुक दाबा, असं सांगत राहिली. नाना प्रत्येक वेळी तिचं पूर्ण ऐकून घेत, आणि तोवर दाबायची वेळ निघून जाई. शेवटी ते तिला "तसदीबद्दल क्षमा करा" म्हणाले आणि फोन ठेवला. जगात न अडकणारी माणसं फार झाली आहेत, असं त्यांना वाटलं.

रविवारी सकाळी बायको आंघोळीला गेल्यावर त्यांनी चोरासारखं कपाटामागे हात घालून रबर काढलं. गुंडा सैल केला, तार मोठमोठ्या वळणांनी पसरली आणि वर रुमाल जसाच्या तसा ठेवला. दिवा हिरवा झाला.

दुपारी नाना इस्त्रीचा सदरा घालून, कानावरचे केस कापून लॅपटॉपसमोर बसले. मागे छताचा पंखा संथ फिरत होता. घंटा वाजली, चित्र आलं. नात एकटी नव्हती. शेजारी लेक, जावई, आणि त्यांच्यामागे मुद्दाम बोलावलेल्या विहीणबाई. आजोबांनी तीन तारा घातल्याची बातमी तिकडे पोचली होती आणि सगळे पाहायला जमले होते.

"वा, बाबा," जावई मनापासून म्हणाले, "तुम्ही एकदम स्पष्ट दिसताय. सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय तेसुद्धा दिसतंय."

नानांचा हात बटणाकडे गेला. पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत एका म्हाताऱ्याचाही हात बटणाकडे गेला. इतके दिवस ती चौकट धुरकट होती, म्हणून नानांनी कधी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आता तिथे एक घाबरलेला, मान बारीक झालेला माणूस त्यांच्याकडे टक लावून बघत होता. त्या नटाची मान नक्कीच अशी नसणार. विहीणबाई पुढे सरकून बसल्या. नानांनी पुस्तक उघडलं, तोंड उघडलं.

पुढे काहीच आलं नाही.

वाक्य समोर होतं. वादळ ओसरलं आहे आणि कप्तान गाठी सोडवतो आहे. पण तोंड मिटेना, शब्द फुटेना. पापणीही लवेना.

"गेलं वाटतं तिकडचं नेट," जावई हळहळले. "परत अडकले. बाबा, ऐकू येतंय का? नाही, ऐकू येत नाहीये त्यांना. जाऊ दे गं, मी तुला ते ॲप लावून देतो."

नानांना शब्द न् शब्द ऐकू येत होता. आपण अडकलेलो नाही, हे सांगायचं तर बोलायला हवं होतं. आणि न सांगावं तर निदान दोष तारेवर ढकलून अब्रू वाचवता येत होती. क्षणभर, खोटं कशाला सांगायचं, नानांनी श्वाससुद्धा रोखून धरला.

नात पडद्याच्या अगदी जवळ आली. तिचं नाक मोठं झालं.

"पण पंखा फिरतोय," ती म्हणाली.

तिकडे सगळ्यांनी पंखा पाहिला. विहीणबाईंनीही पाहिला. तीन तारा, एक शब्दकोश आणि न लागणारी खिडकी एवढं करून नानांनी जगाला आपली जी अडचण उलगडून दाखवली होती, ती तारेची नव्हतीच.

इतक्यात बायको आतून आली. तिने नानांच्या तोंडाकडे पाहिलं, पडद्यावरच्या गर्दीकडे पाहिलं, आणि काही न बोलता कपाटावरचा क्रोशाचा रुमाल उचलून लॅपटॉपवर टाकला. नात दिसेनाशी झाली. चौकटीतला म्हातारा दिसेनासा झाला. नानांच्या समोर एक जांभळी भिंत तेवढी उरली.

"वाचा," ती म्हणाली, आणि त्यांच्या मागे खुर्ची ओढून, त्यांच्याकडे पाठ करून भाजी निवडायला बसली.

समोर भिंत, मागे पाठ. नानांनी तोंड मिटलं.

"आजोबा, काहीच दिसत नाही," रुमालाखालून आवाज आला. "आहात ना?"

"आहे, स्वल्पविराम," नाना म्हणाले, "ऐक."

आणि कप्तानाने गाठी सोडल्या. पहिली वाक्यं जरा कापरी गेली, मग समुद्र निवळला, स्वल्पविराम, दूरवर किनाऱ्याची रेघ दिसू लागली, अर्धविराम, आणि नानांना आपण कुठे बसलो आहोत याचाच विसर पडला. एकही शब्द कुठे अडकला नाही. खलाशी भांडले तेव्हा तिकडून हसण्याचा आवाज आला, त्यात एक हसणं विहीणबाईंचं होतं. प्रकरण संपलं तेव्हा पूर्णविराम दोन्हीकडून एकाच वेळी इतक्या जोरात आला की भाजी निवडणारी दचकली.

बुधवारी लेकीचा फोन आला. पोरीला ॲप लावून दिलं होतं, तिने मध्येच बंद करायला लावलं. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, त्या काकांना चिन्हं येत नाहीत.

नानांनी ही बातमी स्वयंपाकघरात जाऊन अगदी सहज, दुसरंच काही बोलता बोलता सांगितली. बायकोने ती ऐकली. मग ती बाहेरच्या खोलीत आली. कपाटावर ओळीने लुकलुकणाऱ्या तीन डब्या, भोक पडलेला शब्दकोश आणि फटीतून वारा येणारी खिडकी तिने एकदा निवांत पाहून घेतली.

"रुमालच टाकायचा होता," ती म्हणाली, "तर साधा फोन काय वाईट होता?"

तेवढ्यात तो साधा फोनच वाजला. टेलिफोन कचेरीतल्या बाई बोलत होत्या. नवी योजना कशी वाटली, काही तक्रार नाही ना, आणखी एक वरची योजना आली आहे, असं त्या आपुलकीने विचारत होत्या.

नानांनी मान डोलावली. फोनवर ती दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तसं त्यांना हायसं वाटलं.